काशीत सोडलेली गोळी

काशीला आलं की आपल्या आवडीची एक वस्तू इथे सोडून जायची, अशी रीत आहे. यात्रेकरू गंगेत उभा राहतो, ओंजळीत पाणी घेतो, भटजी संकल्प सांगतात आणि तो म्हणतो, आजपासून अमुक खाणार नाही. लोक काय सोडतात ते मी जन्मभर ऐकत आले. कारलं. शेपू. एक गृहस्थ दुधी भोपळा सोडून गेले तेव्हा त्यांची बायको शेजारी पदर तोंडाला लावून हसत होती. आंबा सोडणारा मी अजून पाहिलेला नाही.

आमचे हे तो संकल्प सांगणाऱ्यांपैकी. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांची श्राद्धं, पिंडदान, अभिषेक हे घरातलं पिढ्यांचं काम. कारलं सोडणाऱ्यांवर ह्यांचा भारी राग. "देवाला फसवतात," म्हणायचे. मग ह्यांच्यावर काही सोडायची वेळ आली तेव्हा ह्यांनी काय सोडलं, ते सांगते.

नव्वद साल उलटून गेलं होतं. ह्यांचं पोट बिघडलं. आधी वाटलं, कुठल्या यजमानाकडचं तेल बाधलं. मग रक्त पडायला लागलं. ते ह्यांनी माझ्यापासून लपवलं. ज्या घरात संडास एक आणि त्याचं दार धड लागत नाही, त्या घरात हे लपवत होते.

भटजीला दुसरा कुठलाही आजार परवडतो. खोकला असला तर मंत्र म्हणता म्हणता खोकता येतं. ताप असला तर शाल पांघरून बसता येतं. पण श्राद्धाच्या मध्येच आसन सोडून पळावं लागलं तर पुन्हा आंघोळ केल्याशिवाय बसता येत नाही. माघाच्या थंडीत हे एका श्राद्धाला तीन-तीन आंघोळी करायचे. तिकडे यजमान हातात पिंड घेऊन ताटकळलेला, इकडे ह्यांचे दात वाजताहेत. यजमान हळूहळू दुसऱ्या घरांकडे वळले. हे मला म्हणाले, "अगं, मला दुसरं काही नको. एक श्राद्ध आसनावरून न उठता करता आलं, की झालं."

म्हणून मी ह्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर बंगाली. त्यांनी नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. आजार जुनाट आहे, पण ताब्यात राहतो. दोन गोळ्या दिल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, पाकिटावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. माझ्यासाठी एक पांढरी आणि एक पिवळी.

पांढरी जोरदार. सूज झटपट उतरवते, पण ती थोड्या आठवड्यांची पाहुणी. डॉक्टर सांगतील तसतशी कमी करत न्यायची. आपल्या मनाने चालू ठेवायची नाही आणि आपल्या मनाने एकदम तोडायची तर मुळीच नाही. पिवळी वर्षानुवर्षांची. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, बरं वाटत असलं तरी. तिच्या जोडीला एक बारीक गोळी, आणि मधून मधून रक्ताची तपासणी. "और दर्द की कोई गोली मुझसे पूछे बिना नहीं," डॉक्टर म्हणाले. तसल्या गोळ्यांनी आतडं पुन्हा भडकू शकतं, म्हणे.

मी विचारलं, "ये पीली वाली कब बंद होगी?"

"माताजी, उससे दोस्ती कर लीजिए."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मोरीतून ओरडले, "अगं, इकडे ये! सगळं केशरी झालंय!"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिवळीने लघवीला रंग येतो. तुम्ही तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात."

"म्हणजे घाबरायचं नाही?"

"नाही. आणि गल्लीत सांगायचंही नाही."

गुण आला. रक्त थांबलं, पळापळ थांबली. आणि पांढऱ्या गोळीने दुसरंही एक केलं. भूक इतकी वाढवली की मी पोळ्या लाटून थकायची. हे लहानपणापासून काडी. गाल म्हणजे नुसते दोन खड्डे. ते खड्डे भरले, मग वर आले, मग लाल झाले. झोप उडाली ती वेगळीच. पहाटेच्या कितीतरी आधी उठून हे जप करत बसायचे, कारण दुसरं करणार काय? शेजारी म्हणायला लागले, गुरुजींची साधना वाढली.

नागपूरकडचे एक यजमान सहकुटुंब आले होते. ह्यांना पाहून त्यांनी हातच जोडले. "गुरुजी, काय तेज आहे हो चेहऱ्यावर!"

मी ताट घेऊन दारात उभी होते. ते तेज कुठल्या दुकानातून येतं, मला ठाऊक होतं. पण पाहुण्यांसमोर बोलले नाही.

एकाने दुसऱ्याला सांगितलं. वाळका भटजी कितीही विद्वान असला तरी लोकांना वाटतं, ह्याचा मंत्र ह्यालाच लागू पडत नाही, आपल्याला काय पडणार? गोल, लाल, तुकतुकीत गुरुजी दिसले की माणूस निश्चिंत होतो. आमच्याकडे पुन्हा रीघ लागली. हे आरशात बघायला लागले. लग्नातसुद्धा बघितलं नसेल इतकं.

मधे एकदा हे एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाले? "सगळं उत्तम," एवढंच सांगितलं. मग एक दिवस गल्लीच्या तोंडाशी दवावाल्याने मला हाक मारली. "माताजी, पंडितजी का सफेद वाला आ गइल बा. आ चेहरा त एकदम टमाटर हो गइल बा!"

घरी येऊन पाकीट ह्यांच्यापुढे ठेवलं. "हे काय? ती पाहुणी अजून गेली नाही?"

"चाललंय ना बरं. बऱ्यात हात कशाला घालायचा?"

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं होतं का नव्हतं?"

हे पंच्याच्या टोकाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "कमी केली की गाल जातील."

"जाऊ देत. मी काय तुमच्या गालांशी लग्न केलंय? हात बघा तुमचे. तांब्या घासला तरी कातडी निघते. पाण्याचा माठ एकटे संपवताय. उद्या साखर निघाली की यजमान काय, तेजाची आरती करणार आहेत?"

"पितृपक्ष तोंडावर आलाय. तो होऊ दे."

"पितृपक्षात तुम्हीच पितर झालात तर?"

हे लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. रात्री ह्यांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी घाटावरून आले ते ओलेतेच, मान ताठ, जशी काशी नुकतीच ह्यांनी वसवली आहे.

"सोडली."

"काय सोडलंत?"

"पांढरी. गंगेत उभं राहून, संकल्प करून. आजन्म. आता झालं तुझं समाधान?"

"अहो, एकदम तोडायची नाही म्हणून बजावलं होतं. उतरवत आणायची होती."

"व्रत अर्धं अर्धं घेत नाहीत."

"कारलं सोडायचं होतंत! काही बिघडलं नसतं!"

आवडीची वस्तू सोडायची, ह्या एका बाबतीत मात्र ह्यांनी देवाला फसवलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. मी गोळी ताटात ठेवली, ह्यांनी ताट सरकवलं. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणे अजिबात वेळ नाही, पितृपक्ष आहे. धोतर नेसलेल्या थोराड माणसाला गल्लीतून ओढत कशी नेणार?

थोड्याच दिवसांत हे भिजलेल्या कापडासारखे झाले. अंग दुखतंय, सांधे दुखतायत, जेवण समोर आलं की मळमळतंय. एका दुपारी लाडीगोडीने म्हणाले, "तुझ्या गुडघ्याची ती गोळी असते ना, त्यातली एक दे बघू."

"नाही. तसली तुम्हाला द्यायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"कंजूष आहेस."

"आहे. आणि हे व्रताला चालतं वाटतं?"

रक्त पुन्हा दिसायला लागलं. आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. आमच्याच ओसरीवर श्राद्ध चाललं होतं. यजमान पिंड हातात घेऊन बसलेला. हे घाईने आसनावरून उठले, भिंतीला हात लावला आणि तिथेच खाली घसरले. अंग गार, घामाने चिंब, बोलणं अडखळतं. दोघातिघांनी खुर्चीत घालून गल्लीतून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रिक्षाने दवाखान्यात.

सुई लागली, सलाईन लागलं. डॉक्टर माझ्यावरच उखडले. मग शांत झाल्यावर समजावून सांगितलं. पांढऱ्या गोळीत जे आहे, तसलंच काहीसं शरीर स्वतः रोज बनवतं. बाहेरून पुष्कळ दिवस आयतं मिळालं की आतला कारखाना बंद पडतो. बाहेरचं हळूहळू कमी केलं तर तो पुन्हा चालू व्हायला सवड मिळते. एकदम तोडलं तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. माणूस जाऊ शकतो. आता पुन्हा घ्यायची आणि ह्या वेळी नीट उतरवायची.

ह्यांना जरा तरतरी आली होती. डोळे न उघडता म्हणाले, "संकल्प झाला आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ये क्या कह रहे हैं?"

"इन्होंने गोली गंगाजी में छोड़ दी है," मी म्हटलं. काशीत राहून डॉक्टरांनी पुष्कळ पाहिलं असेल, पण हे नसावं.

मी स्टूल ओढून ह्यांच्याजवळ बसले. "दर एकादशीला यजमानांच्या बायका विचारतात, गुरुजी, उपासाला औषध चालतं का? तुम्ही काय सांगता?"

"चालतं. औषधाने व्रत मोडत नाही."

"मग?"

"अगं, ते वेगळं. इथे औषध न घेणं हेच व्रत आहे." मरणाच्या दारातून आलेला माणूस, पण वादात हटेल तर शपथ.

"बरं. मग उत्तरपूजा कुठे केलीत?"

"कसली?"

"गणपती आणला, बसवला, दीड दिवसाच्या जागी महिनोन्‌महिने मोदक खाल्ले. आणि एके दिवशी उत्तरपूजा न करता उचलून पाण्यात टाकला. यजमानाने असं केलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतंत?"

हे सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. थेंब पडत होते. मला भीती वाटली की आता कुठलं तरी वचन काढतात.

"ह्या विसर्जनाचा विधी कोण सांगणार?" हे म्हणाले.

"ते पांढरा कोट घातलेले आचार्य उभे आहेत. विचारा त्यांना."

ह्यांनी आ केला. सुनेच्या हातून औषध घेणारं नातवंडही इतका मोठा आ करत नाही.

घरी आल्यावर मी गोळ्यांचा कारभार माझ्याकडे घेतला. डॉक्टर सांगतील तेवढीच पांढरी. पुढे पुढे अडकित्त्याने अर्धी करून. कितीतरी दिवस चाललं ते. कुठे दुखलं-खुपलं की आधी डॉक्टरांना विचारायचं, मग पुढची पायरी. पांढरी संपली तेव्हा पिवळीने आतडं धरून ठेवलं होतं. आता बरं वाटतंय म्हणून तीही टाळायला बघायचे. "बरं तिच्यामुळेच वाटतंय," मी म्हणायची आणि तांब्या पुढे सरकवायची.

गाल गेले. आधी लाली गेली, मग गोलाई, मग एके दिवशी जुनं नाक पुन्हा पुढे आलं. मला तरी ओळखीचा माणूस घरी आल्यासारखं वाटलं. हे मात्र आरसा टाळायचे.

पुढच्या पितृपक्षात नागपूरकडचे तेच यजमान आले. ओसरीवर ह्यांना पाहिलं आणि इकडे-तिकडे बघायला लागले. "नमस्कार. मागच्या खेपेला इथे एक गुरुजी होते. चांगले भरलेले. काय तेज होतं हो त्यांच्या चेहऱ्यावर. आपले थोरले बंधू का?"

मी आतून कान दिला. वाटलं, आता ह्यांचं तोंड उतरणार.

"त्यांचं विसर्जन झालं," हे शांतपणे म्हणाले. "उत्तरपूजेसकट. बसा आपण."

"अरेरे," यजमान म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मला भाताचं पातेलं खाली ठेवून तोंडात पदर कोंबावा लागला.

श्राद्ध दुपार होईपर्यंत चाललं. मी दर थोड्या वेळाने दारातून डोकावत होते. शेवटी यजमानांना काशीत काही सोडायचं होतं. ह्यांनी विचारलं, काय सोडता?

"कारलं म्हणतो."

आता चिडतात, असं मला वाटलं. पण ह्यांनी नुसतं हं केलं, आणि घाटावर जाऊन यथासांग कारल्याचा संकल्प सांगितला.

मग घरी येऊन जेवायला बसले. चार घास झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदाही उठलो नाही."

"पाहिलं," मी म्हटलं. जेवण झालं तशी पिवळी गोळी आणि तांब्या पुढे ठेवला.