शत्रूला पाणी

चिंचेनं तांब्या घासायला घेतला की त्या आंबट वासाबरोबर मला मोहोळजवळच्या आमच्या गावचा माळ आठवतो. तिथं जुन्या काळी लढाई झाली होती, आणि गाव दरवर्षी त्याच जागेवर ती लाकडी तलवारींनी पुन्हा लढायचं. चौऱ्याहत्तर साल असेल. माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते.

शत्रूची बाजू पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. गावाच्या बाजूनं पडलेल्यांना त्यांच्या बायका पाणी पाजून उठवायच्या. शत्रूनं मात्र दिवस मावळेपर्यंत उन्हात पडून राहायचं, असा रिवाज. आमचे हे पडले. ओठ सुकलेले, गालावर मुंग्या. मी तांब्या उचलला तसं सासूबाईंनी मनगट धरलं.

"शत्रूला पाणी द्यायचं न्हाय, पोरी."

मी हात सोडवून सगळ्या गावादेखत गेले. पाटील ओरडले, "अगं, त्यो शत्रू हाय!"

"आसतील हितं शत्रू. घरी माझे मालकच हायत की!"

माळावर हशा पिकला. शेजारी पडलेल्या दिरांनी एक डोळा उघडला. "वैनी, हिकडंबी घोटभर."

तांब्या तिथंच संपला. वळून पाहते तर सासूबाई भरली घागर कमरेवर घेऊन येत होत्या.

माझं बघून त्यांना धीर आला, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण त्या माळावर पाणी नव्हतंच. घागर त्यांनी सकाळी घरूनच भरून आणली असणार. माझ्याआधी कितीतरी वर्षं मामंजी त्याच उन्हात पडत होते. अशा किती घागरी त्या भरल्या तशाच घरी घेऊन गेल्या असतील?