सायकलच्या गिअरवर भरलेली बैठक

माझा मुलगा पन्नाशीचा आहे. दर रविवारी तो चार मित्रांबरोबर अंगाला चिकटणारे कपडे घालून सायकलवर शिरढोणला जातो, तिथे मिसळ खातो आणि परत येऊन दुपारपर्यंत झोपतो. याला ते राइड म्हणतात. आमची जमीन गेली, तिच्यावर करंजाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि हा बिल्डरांना विटा-रेती पुरवायला लागला. म्हणजे खुर्चीत बसून फोनवर बोलायला लागला. घाम यावा म्हणून वस्तू विकत घेणारी माणसं मी म्हातारपणीच पाहिली.

त्याची मुलगी, माझी नात, मात्र खरी सायकल चालवते. पहाटे कर्नाळ्याची खिंड चढते, उतरते आणि माझा चहा व्हायच्या आत घरी येते. दिवाळीनंतर तिला सायकल शर्यतीच्या संघात निवड व्हावी म्हणून चाचणी द्यायची होती. चढ आणि उतार, दोन्हींची. तोवर ती बापाची जुनी सायकल दामटत होती. शिकवणाऱ्याने सांगितलं, स्वतःच्या मापाची आण, नाहीतर येऊ नकोस.

आमच्याकडे कुठलीही मोठी वस्तू घ्यायची, तर पुरुष अंगणात बसून ठरवतात. टेम्पो असो, देवाची पालखी असो, नाहीतर मुलीला नवरा असो. तशीच ही बैठक भरली. मुलगा आणि त्याचे चार मित्र, पाचही जणांच्या हातात फोन. सायकलचा सांगाडा ठरला होता. त्यावर गिअर कुठले, ब्रेक कुठले, दातेरी चाकं किती दात्यांची, यावर तीन रविवार गेले.

मी बाजूला वाल सोलत बसायचे. त्यामुळे मला कळलं की अशा सायकलला ब्रेक आणि गिअर एकाच दांडीत असतात. हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडी. आत ओढली की ब्रेक, आडवी दाबली की गिअर. आणि सगळ्यात वरच्या प्रतीच्या गिअरला तार नसते, बटण असतं.

"त्याला चार्जिंग करावं लागतं," मुलगा कौतुकाने म्हणाला.

"आणि चार्जिंग सरलं तर?" मी विचारलं.

"सरत नाय, आये. महिना-महिना जातो."

"तुझा फोन दुपारीच सरतो."

एक मित्र म्हणाला, "काकी, हा पार्ट लावला ना, तर सायकल दीडशे ग्रॅम हलकी होते."

"तू रविवारची मिसळ सोड. तेवढाच हलका होशील."

ते हसले. माझं बोलणं ते गंमत म्हणून ऐकतात. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार. त्यांच्यातल्या एकाचाही न थांबता पाच किलोमीटरच्या पुढे दम टिकत नाही, पण पुढचं दातेरी चाक शर्यतवाल्यांचं, मोठं आणि पायाला जड, तेच हवं यावर पाचांचं एकमत. कारण बेलपाडा गावच्या एकाने पोराला तसं घेऊन दिलं होतं. त्याच्यापेक्षा कमी कसं घ्यायचं?

आणि जिच्यासाठी हे चाललं होतं, ती आत चहा करत होती. तीन रविवार. कोणी तिला बाहेर बोलावलं नाही आणि तीही आली नाही.

तिसऱ्या रविवारी ती कप द्यायला आली तेव्हा मला तिचा हात दिसला. अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी फाटून लाल झाली होती. मी तिला माजघरात गाठलं.

"हे काय?"

"ब्रेक लांब पडतो, आजी. बोटं पुरत नाहीत. उतारावर पंजा ताणून धरावा लागतो."

"नवीन सायकलला पुरतील?"

"दुकानात धरून पाहिलं. बाबा म्हणतात ते तर अजून जाड आहे. बोट नुसतं टोकाला लागतं."

"बापाला सांगितलंस?"

"ते ऐकतात कुठे."

खिंडीचा उतार मला माहीत आहे. मागे ट्रक, पुढे ट्रक. तिथे बोट निसटलं तर पोरगी चाकाखाली. आणि अंगणात पाच घोडे दीडशे ग्रॅम मोजत बसले होते.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी कापणीच्या आधी सासू मला लोहाराकडे घेऊन गेली. विळा माझ्या हातात देऊन त्याच्याकडून त्याची मूठ माझ्या पंजाच्या मापाने तासून घेतली. आमच्यात कुठलीही बाई दुसरीचा विळा उचलत नसे. सासूला माझी माया नव्हती. बोटं कापली तर शेतात एक बाई कमी, एवढाच हिशेब. ती बाई शाळेची पायरी चढली नव्हती. तिला कळत होतं ते या पाच फोनवाल्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा सायकलची ऑर्डर पक्की करायला निघाला, तर मी नातीला घेऊन त्याच्या गाडीत जाऊन बसले.

"तू कुठं?"

"गाडी चालव."

सायकलचं दुकान सगळं काचेचं, चकचकीत. मिस्त्री हुशार निघाला. त्याने लोखंडी घोडीवर एक सायकल चढवली, तिला ती बटणवाली दांडी होती. मी म्हटलं, चाक जोरात फिरव आणि हिला थांबवू दे. नातीने हँडलच्या खालच्या वाकाला हात घातले, उतारावर धरतात तसे. बोटं ताणली. टोकं लागली आणि निसटली. चाक फिरतच राहिलं. मिस्त्रीने स्क्रू पिळून दांडी जवळ आणली, पुन्हा तेच.

मग त्याने दोन पायऱ्या खालच्या प्रतीची, तारेची सायकल चढवली. दांडी बारीक आणि हँडलला जवळ. नातीने ओढली, चाक जागच्या जागी थांबलं.

"गिअर मात्र बटणाचे छान पडतात," ती हळूच म्हणाली.

"गिअर नाय पडला तर चढ राहील," मी म्हटलं. "ब्रेक नाय लागला तर तू जाशील."

मुलगा माझ्या कानाशी आला. "आये, हे खालचं मॉडेल हाय. लोक काय बोलतील?"

"लोक उतरणार हायत का खिंड? मग त्यांना मिसळ खाऊ दे."

मिस्त्रीने नातीला विचारलं, "पुढचं दातेरी चाक मोठंच ठेवायचं ना?" ती बापाकडे बघायला लागली. मी म्हटलं, त्याच्याकडे काय बघतेस, पाय त्याचे लागणार हायत का?

मग ती बोलली. पुढचं छोटं. मागचं जास्त दात्यांचं, म्हणजे चढाला पाय हलका पडतो. हँडल अरुंद. सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. मिस्त्री लिहून घेत होता आणि बाप ऐकत होता, बहुतेक पहिल्यांदाच.

सायकल आली तेव्हा मित्र बघायला जमले. मुलगा म्हणाला, वरचं मॉडेल दुकानात शिल्लक नव्हतं. मला हसूही आलं नाही. एवढा मोठा बाप्या, आणि चार ढेरपोट्यांना घाबरतो.

नात दारात बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "शिल्लक होतं. मला हे हवं होतं, काका."

एवढं एक वाक्य. ते पहिल्या रविवारी अंगणात येऊन बोलली असती तर तिच्या हाताची कातडी फाटली नसती. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती हो म्हणाली आणि खिंडीकडे निघून गेली.