तिसऱ्या खेपेचा कोरा कागद

डॉ. रमाकांत गमरे यांना मी पहिल्यांदा भेटले ती परळच्या चाळीतल्या त्यांच्या दवाखान्यात. मदतनीस डॉक्टरची जागा रिकामी आहे असं कळलं होतं. सरांनी माझं प्रमाणपत्र न बघताच बाजूला ठेवलं आणि विचारलं, "एकच तक्रार घेऊन पेशंट तिसऱ्यांदा आला, तर काय कराल?"

"औषध बदलीन," मी म्हटलं.

"नाही. कोरा केसपेपर घ्यायचा आणि नाव विचारण्यापासून सुरुवात करायची. मग जुना शेजारी ठेवून वाचायचा."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. नोकरी हवी होती म्हणून मान डोलावली.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या सत्काराच्या या गौरव अंकासाठी लिहिते आहे असं त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "कौतुक करायला बाकीचे आहेत. तू सुशीलाबाईंचं लिही." त्यांचा शब्द मोडत नाही, पण थोडं कौतुक आधी उरकून घेते.

सरांचं अक्षर लख्ख वाचता येतं, त्यामुळे नाक्यावरचा केमिस्ट त्यांना डॉक्टर मानायलाच तयार नव्हता. मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली की आपलं काम संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. पेशंट तिथे पोचला का, हे बघायला ते स्वतः घरी जात. लालबागच्या एका आजोबांनी चिठ्ठी बुद्धाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली होती. आजोबा चपला घालेपर्यंत सर दारातून हलले नाहीत.

सुशीलाबाई कॉटन ग्रीनच्या गोदामात पोती शिवायच्या आणि शिवडीला राहायच्या. पाठ दुखते म्हणून आल्या. दिवसभर वाकून काम, तेव्हा पाठ धरणारच. सरांनी गोळ्या दिल्या, वजन लिहिलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. दुसऱ्या खेपेला मी तपासलं आणि त्याच गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेला सर गावी गेले होते आणि तापाच्या पेशंटांनी बाकडी भरली होती. बाई म्हणाल्या, "म्याडम, त्याच द्या. तेवढ्यापुरता आराम पडतो." मी त्याच दिल्या. कोरा कागद घेतला नाही.

सरांनी आल्या आल्या आपल्या मागे झालेले केसपेपर वाचायला घेतले. एका कागदावर ते थांबले आणि तो माझ्यापुढे सरकवला. "वजन वाच." पहिल्या खेपेनंतर दर वेळी तीन किलो कमी झालं होतं. शेवटचे दोन आकडे माझ्याच अक्षरात होते. लिहिले होते, वाचले नव्हते. "संध्याकाळी ताप येतो का, विचारलंस?" विचारलं नव्हतं.

आम्ही तसेच शिवडीला गेलो. बाई त्या सकाळी नळावर पडल्या होत्या आणि त्यांचे पाय उचलत नव्हते. सरांनी त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. मणक्याचा टीबी निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली. पायांत ताकद आली ती भिंत धरून उभं राहण्यापुरतीच. काम कायमचं सुटलं.

त्यांच्या नवऱ्यानं इस्पितळाच्या जिन्यात विचारलं, "डॉक्टर, आधी कळलं असतं तर?"

"कळायला हवं होतं," सर म्हणाले. "माझ्या दवाखान्यात चुकलं."

मी मागेच उभी होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं की मी काम सोडते. सर रागावले. एवढं रागावलेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. "सोडून कुठे जाशील? दुसरीकडे हीच चूक नव्यानं करशील. दर आठवड्याला बाईंच्या घरी जायचं आणि पाय बघायचे." मी अजून जाते. या लेखासाठी सुशीलाबाईंची परवानगी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिव्हा. पण मी माफ केलं असं लिवू नका. चहा देते ती गोष्ट वेगळी."

आता दवाखाना मी बघते. सर सकाळी दोन तास बसतात. मध्यंतरी पोटात जळजळ होते म्हणून त्यांनी माझ्याकडून गोळ्या घेतल्या. महिन्याभरानं पुन्हा घेतल्या. गेल्या आठवड्यात परत म्हणाले, "त्याच दे गं, वयाचं आहे."

मी कोरा कागद घेतला. "नाव?"

"अगं, वेडी आहेस का?"

"नाव सांगा, सर."

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं आणि न सांगता वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले. मी आकडा लिहिला, आणि या वेळी वाचलाही. त्यांच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं, तेही तेव्हाच दिसलं. मी चिठ्ठी लिहिली. ती घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि म्हणाले, "सत्कार होऊन जाऊ दे, मग बघू."

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं असं मला मनापासून वाटतं. पण नुसतं वाटून भागत नाही, हे त्यांनीच शिकवलं. इस्पितळातली तपासणी मी उद्या सकाळची ठरवली आहे. मी त्यांच्या घरी जाणार आहे आणि ते चपला घालेपर्यंत दारातून हलणार नाही.