ढोबळ्यांचा चुकलेला फोकस

कॅमेरामन मनोहर ढोबळे कोणाच्याही घरी गेले की आधी ट्यूबलाइट बंद करायचे; नमस्कार त्यानंतर. माझ्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट ऐकायला मी त्यांना नारायण पेठेतल्या आमच्या घरी बोलावलं, तेव्हाही त्यांनी दारातूनच बटण शोधलं, दिवा घालवला, माझ्या आईची खुर्ची आईसकट खिडकीकडे सरकवली आणि मग हात जोडले. "या उजेडात माणूस पोलिसानं पकडून आणल्यासारखा दिसते," ते म्हणाले. आईने थंडपणे विचारलं, "आपण वायरिंगचं बघायला आलात का?" ढोबळे इतके खूश झाले की गोष्ट ऐकण्याआधीच त्यांनी चित्रपटाला होकार दिला. गोष्ट ऐकल्यावर त्यांचा उत्साह जरा कमी झाला, हेही खरं.

मूळचे ते यवतमाळकडचे. तालुक्याच्या एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढता काढता चोविसाव्या वर्षी पुण्यात आले. आधी लग्नांची शूटिंगं, मग शेतीविषयक माहितीपट, आणि पुष्कळ वर्षांनी चित्रपट. सोयाबीनवरच्या अळीचे त्यांनी घेतलेले क्लोजअप म्हणे इतके देखणे होते की शेतकऱ्यांना औषध फवारवेना. ही कथा अर्थात त्यांचीच. नटनट्यांनी नखरे केले की त्यांना ती अळी आठवे. आमच्या नायकाने एकदा चेहऱ्याची डावी बाजूच घ्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा ढोबळे कॅमेऱ्याआडून म्हणाले, "अळी कधी असं म्हणत नव्हती, भाऊ." नायक दोन दिवस रुसला. ढोबळ्यांच्या मते त्या दोन दिवसांत त्याचा अभिनय सुधारला.

पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांनी भाषा बदलली नाही आणि पुण्याबद्दलचं मतही. आमच्या पेठेतल्या घरांत दुपारी बाराला जेमतेम ऊन येतं. त्यावर ते म्हणत, "तुमच्या पुण्यात उजेड बी विचारून आत येते." बोलणं असं, आणि कामात मात्र कमालीचे सोवळे. फोकस रेसभर हलला तरी तो शॉट पुन्हा. कॅमेऱ्यामागे कुणी हळवं झालेलं त्यांना खपत नसे. "रडायचं असंन तर तिकीट काढून रडा," हे त्यांनी मला स्वतःला दोनदा ऐकवलं आहे.

त्याच चित्रपटात एक प्रसंग स्वारगेटला होता. मुलगा गाव सोडून चालला आहे, आई एसटीपाशी उभी आहे, आणि बस निघते. कॅमेरा बसमध्ये, मागच्या काचेशी. मुलगा मागे वळून पाहत नाही. मागे पाहतो तो फक्त कॅमेरा. आईचं काम इंदूताई करत होत्या, सत्तरीच्या, रंगभूमीवर मुरलेल्या. बस जशी लांब जाईल तशी लेन्सवरची कडी फिरवत राहायची, नाहीतर चित्र धूसर होतं. एरवी त्या कामाला वेगळा माणूस असतो. त्या दिवशी मागच्या सीटवर जागा नव्हती, म्हणून कडी ढोबळ्यांच्याच हातात होती.

बस निघाली. इंदूताईंनी हात वर केला, पण हलवला नाही. तसाच धरून ठेवला. चौकात बस थांबली तेव्हा ढोबळ्यांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला आणि म्हणाले, फोकस गेला, चूक माझी, पुन्हा घ्या. त्यांचा डोळा लाल होता. मी पाहिलं, तर म्हणाले, घाम गेला. जानेवारीची सकाळ होती.

पुन्हा घेतलं. दुसरा शॉट काचेसारखा स्वच्छ आला आणि तितकाच कोरडा. तेव्हा फिल्म धुऊन येईपर्यंत काही कळत नसे. चार दिवसांनी दोन्ही पाहिले. पहिल्यात इंदूताई आधी स्पष्ट दिसतात आणि मग हळूहळू विरघळत जातात, हातासकट. मी तोच ठेवायचं ठरवलं. ढोबळ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे गयावया केली. "बाई, तो नका लावू. माही चूक हाय ते. जन्मभर लोकाईले दिसंन." मी ऐकलं नाही.

चित्रपट आला आणि त्या धूसर शॉटचीच वाहवा झाली. दिग्दर्शिकेने स्मृतीचं विरणं दाखवलं, असं कुणीतरी लिहिलं. मला ते वाचून आवडलं, इतकं की पुढे मुलाखतींत मीही तसंच सांगू लागले. अशा एका व्याख्यानाला ढोबळे पहिल्या रांगेत बसले होते. मी पंधरा मिनिटं स्मृतीवर बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, हे आपण शूटिंगच्या आधी ठरवलं होतं का?" मला कुठे पाहावं कळेना. खरं सांगून टाकू का, असं मी विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाले.

गेल्या वर्षी ते आजारी आहेत असं कळलं, म्हणून विश्रांतवाडीला त्यांच्या मुलीकडे त्यांना भेटायला गेले. बरेच वाळले होते. मुलीने जेवण वाढेपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. मग आपणहून त्यांनी स्वारगेटचा विषय काढला.

"मी घर सोडलं तवा माय अशीच फाट्यावर उभी होती. मी मागं पाह्यलं नाही. रडू आलं असतं ना. दोन महिन्यांनी ती गेली." मग म्हणाले, "त्या दिवशी काचेतून पाह्यलं, बाई. कडी फिरवायची राहून गेली."

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले की मी गेल्यावर हे लोकांना सांगितलं तरी चालेल. मी हो म्हटलं.

"पण फोकस चुकला तो चुकलाच," ते म्हणाले. "ते बी सांगा."

ते जाऊन आता तीन महिने झाले. म्हणून सांगते आहे: तो शॉट चुकला होता, आणि तो मी ठरवलेला नव्हता.