बर्फावरच्या गाडीचं तेल

माझ्या मुलाशी मी उभ्या आयुष्यात सगळ्यात जास्त बोललो ते टू-स्ट्रोक इंजिनच्या तेलावर. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. तो कॅनडाच्या उत्तरेला, नकाशावर बोट ठेवलं तर आजूबाजूला दुसरं नाव सापडू नये अशा गावात, खाणीवर नोकरीला आहे. मी नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर एकटा. बायको होती तोवर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा तो तिलाच. तासभर दोघांचं चालायचं. शेवटी ती फोन माझ्याकडे सरकवायची. मी विचारायचो, "बरंय ना सगळं?" तो म्हणायचा, "हो बाबा, तुमचं?" मी म्हणायचो, "मजेत. ठेवतो." यात आम्हा दोघांनाही काही कमी वाटत नसे. त्याची खबरबात मला तिच्याकडून कळायची आणि माझी त्याला तिच्याकडूनच.

ती गेली आणि फोन माझ्याकडे आला. मुलाने रविवार चुकवला नाही, तसा तो शब्दाचा पक्का आहे. पण पाच मिनिटांत आम्ही हवापाण्यावर यायचो. तो तिकडचं तापमान सांगायचा, उणे अमुक, उणे तमुक. मी सांगायचो, निफाडला पारा खाली आलाय, बागायतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतायत. मग तो गप्प, मी गप्प. फोन ठेवल्यावर घर इतकं शांत व्हायचं की मी मुद्दाम मिक्सर लावून शेंगदाण्याची चटणी करायला घ्यायचो. चटणीचे डबे साठले, खाणारं कोणी नव्हतं. ही पाच मिनिटंसुद्धा एक दिवस आटणार, अशी मला धास्ती बसली होती.

मागच्या हिवाळ्यात त्याने एक जुनी स्नोमोबाइल घेतली. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखी सीट. बर्फावरून पळते. इंजिन टू-स्ट्रोक. आधीच्या मालकाने तिचा तेलाचा पंप काढून टाकला होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या स्कूटरसारखं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढी वर्षं टू-स्ट्रोक चालवलीत. इथे साधं मिनरल तेल मिळतं आणि सिंथेटिकही. कोणतं घेऊ?"

मी खुर्चीत ताठ बसलो. त्याने इंटरनेटवर दोन मिनिटांत शोधलं असतं, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पण त्याने मला विचारलं होतं. "पुढच्या रविवारी सांगतो," मी म्हणालो. आठवडाभराचं काम मिळालं.

माझी स्कूटर पार्किंगमध्ये अजून उभी आहे. सोसायटीचे लोक ती भंगारात द्यायला सांगतात आणि मी त्यांना उलट उत्तर देतो. पूर्वी पेट्रोल पंपावर पेट्रोलसोबत तेलही मोजून मिळायचं. आता ते बंद झालं, म्हणून नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका ऑइलच्या दुकानात गेलो. तिथे गिऱ्हाईक म्हणजे निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी. गवत कापायच्या मशीनला आणि फवारणीच्या पंपाला हेच तेल लागतं.

"सिंथेटिक कशाला घेता काका?" दुकानदार म्हणाला. "लय महाग हाय ते. फवाऱ्याला कोणी घालत नाय."

"बर्फात चालणाऱ्या गाडीला पाहिजे."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. "नाशकात?" त्याने विचारलं. मी मुलाची सगळी हकिकत सांगितली, खाणीसकट. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी मी सांगत राहिलो. एकट्या माणसाचं असं होतं, ऐकणारा मिळाला की तो सोडवत नाही. शेवटी दोन्ही तेलांचे छोटे डबे घेऊन घरी आलो.

दोन स्टीलच्या वाट्यांत दोन तेलं ओतली आणि मटाराच्या पिशव्या बाजूला सारून फ्रीजरमध्ये ठेवली. स्वयंपाकाच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी त्या पाहिल्या आणि मटार फेकून दिले. मी वाट्या बाहेर काढून तिरक्या केल्या. मिनरल तेल काकवीसारखं जड झालं होतं, वाटीच्या काठापर्यंत यायला तयार नव्हतं. सिंथेटिक मात्र सरसर वाहिलं. माझ्या फ्रीजरची थंडी त्याच्या गावच्या थंडीपुढे काहीच नव्हे. तिथे हे मिनरल पेट्रोलमध्ये मिसळणार कसं? गोळा होऊन तळाशी बसेल आणि इंजिन कोरडं चालून जाम होईल. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, माझा अंगठा निम्म्या चित्रात आला होता, तसाच पाठवला.

त्या रविवारी आम्ही पाऊण तास बोललो. पहिल्यांदाच फोन त्याने नव्हे, मोबाइलच्या बॅटरीने बंद केला. पुढचे रविवारही असेच गेले. धूर किती होतो, सायलेन्सरला काजळी किती धरते, पेट्रोल आधी की तेल आधी. मला खरंच आनंद होत होता. सोमवारपासून मी पुढच्या रविवारचे प्रश्न काढून ठेवायचो.

अशाच एका रविवारी त्याने विचारलं, "डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं ना?"

"तेवढं घाल," मी म्हणालो, "आणि वर एक झाकण."

ही आमच्या पिढीची सवय. पंपावरचा माणूस तेलाच्या मापात मारतो, हे आम्ही सगळे धरूनच चालायचो. म्हणून मापाचं तेल घेतलं तरी वर थोडं जास्त मागायचं, नाहीतर घरून बाटली नेऊन आपल्या हाताने ओतायचं, आणि मग स्कूटर डावी-उजवीकडे हलवून घ्यायची. जास्त तेलाने इंजिनचं काही बिघडत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत आलो. फार तर स्पार्क प्लग काजळायचा, ठिणगी पडायची नाही आणि स्कूटर बंद पडायची. मग रस्त्याच्या कडेला स्कूटर लावायची, डिकीतला पाना काढायचा, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, की चाललो पुढे. प्रत्येकाच्या डिकीत जादा प्लग असायचाच. तो बरोबर ठेव, हे मुलाला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ते सांगण्यासारखं काही असतं, हेच मला माहीत नव्हतं.

मग एका रविवारी फोन आला नाही. मी अंघोळ पुढे ढकलली, जेवण पुढे ढकललं. मंगळवारी मेसेज आला, कामात होतो. त्यानंतर सूनबाईचा फोन आला. ती एरवी फक्त सणावारी करते.

"बाबा, तुम्हाला सांगू नको म्हणालाय," ती म्हणाली, "पण सांगते. गाडी गोठलेल्या तळ्यावर मधोमध बंद पडली. काठापर्यंत चालत आला. पायाची बोटं अजून सुन्न आहेत. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचतील."

"पण बंद पडलीच कशी?" मी विचारलं.

"मेकॅनिकने प्लग काढला तर तेलाने चिंब. एवढं तेल घालायला कोणी सांगितलं, म्हणून ओरडला. हा म्हणाला, माझंच मोजताना चुकलं. तुमच्यावर राग नाही हो बाबा. पण तो परत तुम्हालाच विचारणार. आणि तुम्ही सांगाल तेच करणार. म्हणून सांगितलं."

फोन ठेवून मी बाल्कनीत बसलो. त्या थंडीत हातमोजे काढून प्लग खोलायचा प्रयत्न त्याने केला असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला त्याच्या आईची आठवण झाली आणि तिचा रागही आला. हे असलं सगळं ती बघायची. मला सवय नव्हती.

रविवारी फोन वेळेवर आला. आवाज नेहमीसारखाच. पायाबद्दल त्याने काही काढलं नाही, मीही नाही.

"बाबा, तेलाचा डबा संपत आलाय. तेच आणू, की तुम्ही दुसरं काही बघितलंय?"

बघितलं होतं. सूनबाईचा फोन यायच्या आधीच द्वारकेहून तिसऱ्या प्रकारचं तेल आणलं होतं, वाटी फ्रीजरमध्ये ठेवली होती, अर्ध्या तासाचं बोलणं तयार होतं. आणि हेही कळत होतं की माझ्याकडे दुसरं काहीच तयार नाही.

"मला नाही कळत रे त्यातलं," मी म्हणालो. "इथली हवा वेगळी, इंजिनं वेगळी. तिथल्या मेकॅनिकला विचार. तो सांगेल ते आण आणि तो सांगेल तेवढंच घाल. यापुढे तेलाचं मला विचारू नकोस."

सूनबाईने सांगितलंय, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मागे त्यांच्या घरातला हीटर घरघरत होता, तो मला स्पष्ट ऐकू येत होता.

तो म्हणाला, "मग आपण बोलायचं काय, बाबा?"

तो चेष्टा करत नव्हता. तो खरंच विचारत होता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण ठेवू नकोस."