पेरूवरचा पाशिंजर

कळंबचे बलभीम कंडक्टर रिटायर झाले, पण कंडक्टरकी काही त्यांच्यातून उतरली नाही. गल्लीत नवा चेहरा दिसला की ओट्यावरून हाक, "कुठं जायचं?" शेजाऱ्यांचे जावईही त्यातून सुटले नाहीत. बलभीमांच्या एसटीचे ड्रायव्हर रणधीर मागच्याच आळीत. दोघांची सगळी नोकरी एकाच गाडीवर गेली. बलभीमांनी दोन बेल दिल्याशिवाय रणधीरांनी गाडी कधी हलवली नाही. अजून स्कुटरवरसुद्धा मागून पाठीवर दोन थापा पडल्या, की मगच निघायचे.

यंदा परसातल्या पेरूवर एक नाकतोडा आला. पानासारखा हिरवा, मिशा अंगापेक्षा लांब, मागचा एक पाय तुटलेला. दिवेलागणीला त्याचं किर्र किर्र सुरू व्हायचं.

"सवलतीचा पाशिंजर हाय," बलभीम म्हणाले. पण असला त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि अनोळखी पाशिंजर त्यांना चालत नाही.

"त्याला बी कपभर च्या ठिवू का?" द्वारकाबाईंनी नवऱ्याला विचारलं. बलभीम हसले नाहीत.

रणधीरांनी आपल्या फोनवर फोटो काढला आणि किडे ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या जाणकारांनी कळवलं, ओळखीचा वाटत नाही. वरून काढलेल्या फोटोवर नाव सांगता येणार नाही, शेपटाकडची ठेवण जवळून दिसायला हवी.

"बाजूनं फोटो काढू," बलभीम म्हणाले. "पन हात लावायचा न्हाय. म्या जळकोटचं लग्न उरकून येतो, मग बघू."

आले, तर पेरू गप्प. बॅटरी घेऊन त्यांनी फांदी न् फांदी पाहिली. द्वारकाबाईंनीही थट्टा आवरली. रणधीर शेजारी उभं राहून पानं उलटत म्हणाले, "गेला आसंल उडून."

पुढच्या आठवड्यात तेच फोन नाचवत आले. "घे, नाव मिळालं तुज्या पाशिंजरचं."

फोनवर थर्माकोल, थर्माकोलात टाचणी, टाचणीत तो. रंग पिवळा पडलेला. तुटका पाय तेवढा ओळखीचा. खाली लांबलचक इंग्रजी नाव, आणि नमुना पाठवल्याबद्दल रणधीररावांचे आभार. नाव बलभीमांनी वाचलंच नाही.

"तू माज्यासंगं पानं उलटत व्हतास."

"सांगितलं आसतं तर तू पाठवू दिलं नसतं. आन् नाव तुलाच पायजे व्हतं की, गड्या."

"बेल कुनी दिली व्हती?"

रणधीरांनी फोन खिशात घातला.

संध्याकाळी स्कुटर नेहमीसारखी दारात लागली. सगळी गल्ली कामं सोडून ओट्यावर. बलभीम बाहेर आले, चपला घातल्या आणि स्कुटरला वळसा घालून पायीच चौकाकडं निघाले. रणधीर इंजिन चालू ठेवून, पाठ ताठ करून, तसेच बसून राहिले.