नव्या डेकचा आवाज

आवाज मी वाढवला. चुलत्यानं नुसतं सांगितलं होतं, बटण माझ्या हातात होतं. इतकी वर्षं मी लोकांना वेगळंच सांगत आलो.

डेक आणि दोन स्पीकर परभणीहून आणून चार-पाच दिवसच झाले होते. आणायला बौद्धवाड्यातला माझा शाळासोबती बरोबर होता. एसटीत स्पीकरचं एक खोकं त्याच्या मांडीवर, एक माझ्या, डेक पायाशी. दुकानदारानं बजावलं होतं, स्पीकरच्या पडद्याचा कागद नवा आहे, कडक आहे. पंधराएक दिवस हळू वाजवा, मोकळा होऊ द्या. सोबती वाटभर चिडवत होता, "तुझ्यानं हळू व्हायचं न्हाई. तू पाढे बी वरडूनच म्हणायचास." घरी आईनं दोन्ही पेट्यांना हळदकुंकू लावलं. तो ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. त्याला आत ये म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती, आणि मीही म्हणालो नाही.

नामांतराची वर्षं होती ती. जिंतूरच्या मोर्चात त्यानं घोषणा दिल्याचं गावात कळलं. त्या दुपारी भावकीतली माणसं आमच्या ओसरीवर जमली. कुऱ्हाडीचे दांडे भिंतीला टेकवलेले.

"नवा डेक घेतला म्हणं," चुलता म्हणाला. "पार वर कर की."

"काका, कागद फाटंल."

"फाटू दे. आज कुनाची बोंब गावात ऐकू यायला न्हाई पायजे."

कशासाठी ते मला कळलं. कळल्यावर मी बटण फिरवलं. माणसं दांडे उचलून गेली.

भजनांची कॅसेट होती. खिडकीचे गज थरथरत होते. मग एक बाजू संपली आणि डेक खट करून थांबला.

त्या शांततेत दांड्यांचे आवाज आले, ओलं पोतं बडवल्यासारखे. लगेच आमच्या मागच्या दारावर थापा पडल्या. "दार उघड. मारून टाकायलेत मला." त्याचाच आवाज. कडी हाताच्या अंतरावर होती. मी कॅसेट काढली, उलटली, परत घातली.

संध्याकाळी दाराच्या फळीवर रक्त होतं, उंबऱ्याशी एक दात. आईनं त्यावर पाणी ओतलं. त्याचा उजवा हात कोपरात मोडला तो सरळ जुळलाच नाही. मी दवाखान्यात गेलो नाही. एका स्पीकरचा कागद फाटला होता, तो पुढं प्रत्येक भजनात खरखरत राहिला. आवाज चुलत्यानं वाढवला, त्यात मला काही ऐकूच आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यालाही. तो म्हणाला, "असंल."

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दारात गेलो. त्यानं डाव्या हातानं खुर्ची ओढली. "आत ये."

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"त्या दिवशी मला ऐकू आलं होतं," मी म्हणालो. "थापा, तुझा आवाज, समदं. मी दार उघडलं न्हाई, कॅसेट उलटली. माफी मागायला तोंड न्हाई मला, तरी मागायलोय. माफ कर."